प्रार्थना चालू आहे आणि आजारही चालू आहे: अशा वेळी देवाची काळजी कशी ओळखावी?

वानवडीकर (धागाकर्ती):

सर्वांना प्रभूमध्ये नमस्कार.

माझ्या पतींची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर जातात आणि उरलेला दिवस थकव्यात संपतो. घरात पाणी मोजून प्यायले जाते. केळी, नारळपाणी, टोमॅटो या गोष्टी तर घरात येणेच बंद झाले आहे. प्रत्यारोपणासाठी प्रतीक्षायादीत नाव आहे, पण त्या यादीला कालमर्यादा नसते.

आमच्या मंडळीने सुरुवातीला साखळी-प्रार्थना केली, उपास केले, घरी सभा घेतल्या. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु आजार लांबला तशी बोलण्याची तऱ्हा बदलली. कबूल न केलेले एखादे पाप घरात राहिले आहे का, असे कोणी विचारून गेले. विश्वास पुरेसा असता तर एव्हाना यंत्र सुटले असते, असेही कोणी सुचवले. माणसे वाईट नाहीत. मात्र ती घरातून गेल्यावर आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू शकत नाही.

देव आहे की नाही, हा माझा प्रश्न नाही. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. तेविसावे स्तोत्र मी लहानपणापासून पाठ म्हणत आले आहे. तो मेंढपाळ गुरुवारी दुपारी डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या बाईची काळजी घेतो, म्हणजे नेमके काय करतो? आणि दुसरे असे की अलीकडे प्रार्थनेत मी देवावर रागावते, स्पष्ट शब्दांत रागावते. हे अविश्वासाचे लक्षण मानावे का? आपण स्वतः अशा काळातून गेला असाल तर कृपया लिहावे. मतभेद असले तरी चालतील.

पाऊलवाट:

ताई, उत्तर माझ्याकडे नाही, पण आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. आज रात्रीच्या घरच्या प्रार्थनेत तुमच्या यजमानांचे नाव घेतले जाईल. आजार बरा व्हावा म्हणून तर घेऊच, पण त्याचबरोबर तुम्हांला शांत झोप लागावी म्हणूनही घेऊ.

जुनी वही:

धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर पवित्र शास्त्रात अधिक स्पष्ट आहे. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्राचा आरंभच 'कोठवर?' या प्रश्नाने होतो आणि तो प्रश्न लागोपाठ चार वेळा विचारला जातो. बहुतेक तक्रारींच्या शेवटी स्तुतीचे वळण येते, पण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तेही येत नाही. ते अंधारातच संपते. ज्यांनी हे स्तोत्र उपासनेच्या ग्रंथात राहू दिले, त्यांना शेवटी एखादी आशेची ओळ जोडणे कठीण नव्हते, तरी त्यांनी ती जोडली नाही. वधस्तंभावरून खुद्द प्रभूने 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असे बाविसाव्या स्तोत्राचे शब्द उच्चारले. जो मनुष्य देवाशी भांडतो तो अजून देवाशीच बोलत असतो. अविश्वास असता तर आपण भिंतीशीही बोलला नसता.

माझी पत्नी पक्षाघाताने अंथरुणाला खिळली होती, त्या काळात मी पंडिता रमाबाईंच्या आयुष्याचा क्रम पुन्हा नीट वाचला. त्यांची कर्मभूमी केडगाव आपल्या पुण्यापासून दौंडच्या लोहमार्गावर थोड्याच अंतरावर आहे, परंतु आपण रमाबाईंना जयंतीच्या भाषणापुरते ठेवले आहे. 1870च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. विवाहाला दोन वर्षे होण्याच्या आतच, 1882 मध्ये, पती कॉलऱ्याने गेले आणि रमाबाई तान्ह्या मुलीसह उरल्या. हे सारे त्यांच्या बाप्तिस्म्यापूर्वीचे, म्हणजे 1883 पूर्वीचे आहे, आणि बाप्तिस्म्यानंतर दुःख थांबले असेही झाले नाही. जी मुलगी, मनोरमा, त्यांचे काम पुढे चालवील असे सर्वांना वाटत होते, ती 1921 मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई वारल्या. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

आता मध्य प्रांतातील 1896-97चा दुष्काळ घ्या. उपाशी, निराधार मुली आणि विधवा गोळा करण्यासाठी रमाबाई तिकडे गेल्या आणि त्यांना आपल्याकडे घेऊन आल्या. त्यातून केडगावची वस्ती उभी राहिली. तारुण्यात जी मुलगी दुष्काळात आईवडिलांच्या मृत्यूजवळ बसली होती, तीच वीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळात इतरांच्या मुली शोधत हिंडली. पहिला दुष्काळ दुसऱ्यासाठीच आला होता, असे मी म्हणणार नाही. असे म्हणणे त्या आईवडिलांचा अपमान ठरेल. मी एवढेच म्हणेन की मध्य प्रांतातील त्या मुलींनी देवाची काळजी कशी दिसते असे विचारले असते, तर त्यांना एका विधवेकडे बोट दाखवता आले असते.

शिलोह:

वरील प्रतिसाद विद्वत्तापूर्ण आहे, पण माझे मत वेगळे आहे आणि ते मी आदराने मांडतो. आपण देवाकडून फारच थोड्याची अपेक्षा करू लागलो आहोत. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे की आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील. माझ्या धाकट्या भावाला डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितली होती, आणि तो आज घरचा व्यवसाय सांभाळतो आहे. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. ताईंनी कोणाच्याही बोलण्याने खचू नये, पण बरे होण्याची मागणीही सोडू नये. 'देव दुःखात सोबत असतो' एवढ्यावरच आपण थांबलो, तर आपण त्याच्या सामर्थ्याला मर्यादा घालतो.

उंबरठा:

शिलोह, तुमच्या भावाबद्दल मनापासून आनंद आहे, आणि बरे होण्याची मागणी सोडू नये याला माझी पूर्ण संमती आहे. मात्र ज्यांच्या घरी तसे घडले नाही त्यांचे काय, याचे उत्तर तुमच्या प्रतिसादात नाही, आणि धागाकर्तीला जखम झाली आहे ती नेमकी तिथेच.

मी काही वर्षे धर्मशिक्षण घेतले आहे. तिथे प्रेषितांची कृत्ये शिकताना बारावा अध्याय माझ्या मनात रुतला तो कायमचा. अध्यायाच्या आरंभी हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात पुढे देवदूत पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो. दोघेही प्रभूच्या निकटच्या वर्तुळातले होते. पेत्रासाठी मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करत होती असे लिहिले आहे. याकोबावर त्या मंडळीचे प्रेम कमी होते, असे कोण म्हणेल? या पुस्तकाचा लेखक लूक दोन्ही घटना शेजारी ठेवतो आणि कारण देत नाही.

पौलाच्या पत्रांतही हेच दिसते. आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला आणि देवाने त्याच्यावर दया केली, असे पौल फिलिप्पैकरांना लिहितो. तोच पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी सहज नोंद करतो की त्रफिमाला मी मिलेत येथे आजारी सोडले. ज्याच्या हातून अनेक रोगी बरे झाले त्याने आपल्या सहकाऱ्याला आजारी अवस्थेत मागे ठेवले, आणि त्याच्या विश्वासात खोट असल्याचा एक शब्दही लिहिला नाही. स्वतःच्या शरीरातील काट्यासाठी त्याने तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि कृपा पुरेशी आहे हे उत्तर मिळाले. तेव्हा आजार राहिला म्हणजे विश्वास कमी पडला, हे गणित प्रेषितांनीही मांडलेले नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाकडे पाहून पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने ते याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही असे उत्तर दिले. ताईंच्या घरी तसा प्रश्न विचारणाऱ्यांनी तेवढा एक अध्याय वाचला असता तरी पुरे होते.

क्वार्टर गेट:

मी कॅथलिक आहे, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडते. याकोबाच्या पत्रातील ज्या वचनाचा उल्लेख शिलोह यांनी केला, त्यावरच आमच्याकडील आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार आधारलेला आहे. पूर्वी तो बहुधा अगदी शेवटच्या घटकेला दिला जाई, आणि म्हणून फादर तेल घेऊन आले की घरातले लोक रडू लागत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो केवळ मरणासन्नांसाठी नाही हे स्पष्ट केले. तरीही माझ्या सासूबाईंसाठी फादरांना बोलवायचे ठरले तेव्हा घरात वाद झाला, कारण वडीलधाऱ्यांना ते मरणाचे आमंत्रण वाटत होते. फादर आले, त्यांनी कपाळाला आणि हातांना तेल लावले, आणि त्यानंतर त्या दीर्घकाळ जगल्या. आजार मात्र तसाच राहिला. त्या स्वतः म्हणत की त्या दिवसापासून आपल्या दुखण्याला घरातल्या लोकांखेरीज आणखी कोणीतरी वाली आहे असे वाटू लागले.

आमच्या बायबलमध्ये बेन सिराखचे पुस्तक आहे आणि त्याच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, आणि औषधे देवाने भूमीतून उत्पन्न केली आहेत, असे सांगितले आहे. प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असा तो क्रम आहे. ताई, ते यंत्र सुटले नाही म्हणून देव आला नाही असे न मानता, त्या यंत्रातूनही त्याची काळजी पोहोचते असे मानता येईल का, याचा विचार करावा. आपल्या आजोबांच्या पिढीत मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला हे आयुष्य मिळत नव्हते.

देहूचा वाटसरू:

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, आणि मध्येच बोलत असल्याबद्दल राग मानू नये. देवावर रागावण्याच्या प्रश्नामुळे लिहावेसे वाटले. तुकोबांनी दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावला, दिवाळे निघाले, आणि त्यानंतरच्या त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी जितके प्रेम आहे तितकेच कडाक्याचे भांडणही आहे. आमच्याकडे त्याला कोणी नास्तिकपणा म्हणत नाही.

मला एक प्रामाणिक शंका आहे. आमच्या घरी मोठी माणसे अशा वेळी 'भोग आहेत, भोगून संपवायचे' असे म्हणतात. त्यात एक प्रकारची शांतताही असते. तुमच्याकडे तो आधार नसताना माणूस कशावर तग धरतो?

जुनी वही:

आपले स्वागत आहे, आणि तुकोबांचा उल्लेख इथे परका मुळीच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत असत, आणि त्यांची गीते आम्ही आजही उपासनेत गातो.

आपल्या शंकेबद्दल सांगायचे तर आमच्यातील पुष्कळ लोक नाव न घेता भोगाचाच हिशेब मांडतात. धागाकर्तीला विचारलेला पापाचा प्रश्न हा त्याचाच एक प्रकार होता. ईयोबाचे तीन मित्र तेच करत होते. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, आणि माझ्या मते त्यांच्याकडून झालेले सर्वांत उत्तम काम तेच होते. बोलू लागले तेव्हा त्यांनी कारणे शोधली. ग्रंथाच्या शेवटी देव अलीफजाला सांगतो की तू आणि तुझे मित्र माझ्याविषयी ईयोबासारखे यथार्थ बोलला नाहीत. आक्रोश करणाऱ्याचे बोलणे देवाने ग्राह्य धरले आणि देवाची बाजू घेणाऱ्यांचे धरले नाही. आम्ही तग धरतो तो कारण कळल्यामुळे नव्हे. ज्याच्यावर आम्ही विश्वास ठेवतो तो स्वतः लाजराच्या कबरेपाशी रडला, गेथशेमानेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी करता झाला, आणि तो प्याला टळला नाही. दुःखाच्या आत उतरलेला देव आम्हांला ठाऊक आहे. प्रत्येक दुःखाचे कारण मात्र आम्हांला सांगितलेले नाही.

रात्रपाळी:

मी परिचारिका आहे, आणि डायलिसिस विभागात बराच काळ काम केले आहे. बाहेरच्या बाकावरच्या बायकांना मी रोज पाहते, म्हणून धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नावर लिहिते. इथवर कोणी त्याचे सरळ उत्तर दिलेले नाही, असे मला वाटते.

राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा पळून रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मला मरण दे असे देवाला म्हणतो. देव त्याला वचन ऐकवत नाही, विश्वास वाढव असे सांगत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, उठून खा म्हणतो, कारण पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. पुढे होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलतो, पण त्याआधी दोन जेवणे आणि दोन झोपा होतात. थकलेल्या माणसाची काळजी देव या क्रमाने घेतो.

म्हणून ताई, मी आपल्याला विचारते: आपण शेवटचे गरम जेवण बसून कधी जेवलात? रुग्णाच्या सोबतीला येणारी माणसे आमच्या डोळ्यांदेखत आजारी पडतात, कारण त्यांचा रक्तदाब कोणी मोजत नाही. यजमान यंत्रावर असताना चार तास बाकावर बसून राहणे दर वेळी आवश्यक नसते. कोणी विश्वासू माणूस बसू शकत असेल, तर त्याला बसू द्यावे आणि आपण घरी जाऊन झोपावे. खर्चाविषयी आपण काही लिहिले नाही, तरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. रुग्णालयातील समाजसेवा विभागात शिधापत्रिका घेऊन एकदा अवश्य चौकशी करावी. ही माहिती मिळवून देणे हे मंडळीतील एखाद्या जाणत्या माणसाचे काम असायला हवे होते.

पाऊलवाट:

रात्रपाळी यांच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. 2021च्या एप्रिलमध्ये माझे वडील कोरोनाने गेले. आम्ही सगळे घरात बाधित होतो, दफनाला कोणालाही जाता आले नाही, आणि पाळकसाहेबांनी फोनवर प्रार्थना केली. त्या दिवसांतल्या प्रार्थनेचे शब्द मला आठवत नाहीत. दाराच्या कडीला रोज अडकवलेला डबा मात्र आठवतो. त्यात भाजी कोणती होती हेदेखील आठवते. डबा ठेवणारी व्यक्ती कोण हे आम्हांला खूप उशिरा समजले. ती आमच्या मंडळीतली तर नव्हतीच, ख्रिस्तीही नव्हती. माझ्या मनात तेव्हापासून याबद्दल शंका राहिलेली नाही की देव आपली माणसे निवडताना आमच्या मंडळीची नोंदवही पाहत नाही.

शिलोह:

मी सगळे प्रतिसाद वाचले. त्रफिमाबद्दलचे वचन मी पूर्वी अनेकदा वाचले असेन, पण त्यावर कधी थांबलो नव्हतो. तरीही माझे म्हणणे मी मागे घेत नाही. देव बरे करतो, आजही करतो, आणि तसे मागणे हा आपला हक्क आहे. जेवणाचा डबा आणि पाळीने बसणे या चांगल्या गोष्टी आहेत, पण त्या कोणतीही सामाजिक संस्था करू शकते. देवाकडून मनुष्याच्या आवाक्यातलेच मागायचे असेल, तर प्रार्थनेची गरज काय?

मात्र आजाऱ्याच्या घरी जाऊन पापाचा शोध घेणे हे शास्त्राला धरून नाही, हे मला मान्य आहे. तेल लावायला जाणाऱ्या वडिलांनी ते तेल विश्वास मोजण्याचे माप करू नये.

उंबरठा:

शिलोह, आपला प्रश्न योग्य आहे आणि तो टाळता कामा नये. मला असे वाटते की मनुष्याच्या आवाक्यातले आणि देवाच्या आवाक्यातले अशी वाटणी शास्त्र करत नाही. रूथच्या पुस्तकात एकही चमत्कार नाही. नामी पती आणि दोन मुले गमावून बेथलेहेमला परतते आणि सर्वसमर्थाने मला क्लेश दिले असे गावातल्या बायकांना उघड सांगते. त्यानंतर जे घडते ते सर्व माणसांच्या हातून घडते: सून रूथ साथ सोडत नाही, शेताच्या कडा गरिबांसाठी राखाव्यात असा नियम लेवीयात असल्यामुळे सरवा वेचता येतो, आणि शेताचा मालक बवाज तो नियम नियमापेक्षा अधिक उदारपणे पाळतो. देवाने येथे काळजी घेतली ती शेताच्या कडेविषयीच्या एका आज्ञेतून, आणि ती आज्ञा नामीच्या काळाच्या कित्येक पिढ्या आधी दिली गेली होती. मला हे बरे होण्याच्या चमत्काराहून लहान वाटत नाही. पहिल्या मंडळीनेही विधवांच्या रोजच्या वाटपात उणीव राहते असे कळताच सात माणसे नेमली. ती आत्म्याने परिपूर्ण असावीत अशी अट घातली. वाढपाच्या कामासाठी ही अट घातली गेली.

वानवडीकर (धागाकर्ती):

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले, आणि काही माझ्या पतींना वाचून दाखवले. बारावा अध्याय ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत, मग याकोबाच्या आईला तो अध्याय कोणी वाचून दाखवला असेल का, असे म्हणाले. याचे उत्तर माझ्याकडे नाही.

शिलोह, आपल्या भावाविषयी वाचून मला दुःख झाले नाही; होईल असे वाटले होते. आम्ही मागणे सोडलेले नाही. पण तेल लावायला येणार असाल, तर कृपया त्यानंतर थोडा वेळ थांबावे आणि यांच्याशी क्रिकेटविषयी बोलावे. लोक प्रार्थना करून लगेच उठतात, याचे त्यांना सर्वांत वाईट वाटते.

रात्रपाळी ताई, गरम जेवणाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला विचार करावा लागला. समाजसेवा विभागात मी सोमवारी जात आहे. शिधापत्रिकेवर यांचे नाव आहे, पण पत्ता जुन्या घराचा आहे. तो चालतो का, हे कोणास ठाऊक असल्यास सांगावे.

रात्रपाळी:

जुना पत्ता असल्यास आधारपत्र आणि शिधापत्रिका दोन्ही सोबत न्यावीत आणि तेथील आरोग्यमित्राला आधीच स्पष्ट सांगावे. योजनेच्या रुग्णालयांत या कामासाठी आरोग्यमित्र नेमलेले असतात. नवे कागद लागतील असे सांगितले, तर कोणते ते लिहून घ्यावे, म्हणजे पुन्हा फेरी पडणार नाही.

पाऊलवाट:

ताई, मी फातिमानगरला राहते. खाजगी संदेश पाठवला आहे. गुरुवारी दुपारी मला सुट्टी असते आणि मी बाकावर बसू शकते. यजमानांची हरकत नसेल, तर क्रिकेटची माहिती असलेल्या माझ्या भावालाही घेऊन येईन.